दीडशे वर्षं जहाजं बांधणारं वाडिया घराणं, आणि कधीच त्यांची नसलेली गोदी

गलबतवाला

ग्रीनिचच्या नाविक संग्रहालयात एका पारशी गृहस्थाचं तैलचित्र आहे. पांढरा जामा, हातात ‘मिंडेन’ या युद्धनौकेचा आराखडा आणि कमरेला खोचलेली चांदीची फूटपट्टी. हे जमशेटजी बोमनजी वाडिया, मुंबई गोदीचे मुख्य बांधणीकार. त्या पट्टीनेच मला हा धागा काढायला लावलं. आपल्याकडे पराक्रमाबद्दल तलवार देत, पालखी देत. इथे कंपनी सरकारने एका सुताराला मोजपट्टी दिली, तीही चांदीची.

सुरुवात सुरतेत होते. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने ‘क्वीन’ नावाचं जहाज सुरतेला धनजीभाई नावाच्या बांधणीकाराकडून करून घेतलं. देखरेखीला मुंबईहून डडली नावाचा अधिकारी गेला होता. त्याच्या डोळ्यांत भरला तो धनजीभाईंचा मुकादम, लवजी नसरवानजी. कंपनीला मुंबईत स्वतःचा कारखाना हवाच होता. सुरतेवर कधी नवाबाची मर्जी, कधी मराठ्यांची धास्ती, आणि तापीच्या मुखाशी गाळ. डडलीने लवजींना गळ घातली आणि १७३६ मध्ये ते काही सुतार बरोबर घेऊन मुंबईत आले. वय चौतीसच्या आसपास. तिथपासून १८८० च्या दशकापर्यंत मुंबई गोदीतला मुख्य बांधणीकार याच घराण्यातला होता. या काळात साडेतीनशेच्या आसपास जहाजं तिथे बांधली गेली.

पिढ्या थोडक्यात सांगतो. लवजी १७७४ मध्ये गेले. त्यांच्यामागे माणेकजी आणि बोमनजी हे दोन मुलगे, मग नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बोमनजी, मग जमशेटजींचे चिरंजीव नवरोजी, आणि त्यानंतर जहांगीर नवरोजी व पुढचे. चुलतभाऊ-चुलतभाऊ जोडीने काम बघत. एक गेला तरी काम अडत नसे, कारण दुसरा लहानपणापासून त्याच लाकडाच्या भुशात वाढलेला असे.

घराण्याचा सुवर्णकाळ जमशेटजींचा. १८०५ ची ‘साल्सेट’ (आपली साष्टी!), १८१० ची ७४ तोफांची ‘मिंडेन’, १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ ची ‘वेलस्ली’, १८१७ ची ‘त्रिंकोमाली’. त्यातली ‘मिंडेन’ विशेष, कारण आघाडीच्या रांगेत लढणारं एवढं मोठं जहाज ब्रिटिश नौदलाने तोवर ब्रिटनबाहेर बांधून घेतलंच नव्हतं. ते त्यांनी मुंबईच्या सुतारांवर सोपवलं.

का सोपवलं, याचं उत्तर निम्मं नेपोलियनमध्ये आणि निम्मं सागवानात आहे. युद्धांनी इंग्लंडमधला ओक संपत आला होता. ओकमध्ये आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही खराब होतं. सागात तेल असतं, ते खिळ्याला राखतं. मलबारचा साग समुद्रमार्गे मुंबईत येई. पण निव्वळ साग असून भागत नाही. या लोकांची फळी जोडण्याची पद्धत वेगळी होती. एका फळीच्या काठाला खाच, दुसरीच्या काठाला तिच्यात बसणारी जीभ, मध्ये राळेत भिजवलेला कापूस, आणि मग ठोकून असं घट्ट करायचं की दोन फळ्यांची एक व्हावी.

आता माझा मुद्दा. आपण या घराण्याला सर्रास ‘जहाजबांधणीची कंपनी’ म्हणतो. ती कंपनी कधीच नव्हती. गोदी ईस्ट इंडिया कंपनीची, लाकूड कंपनीचं, आराखडे नौदलाचे. वाडिया पगारी नोकर होते. जहाज पाण्यात उतरलं की शाल मिळे, पट्टी मिळे, इनाम मिळे. गोदीचा एक दगडही त्यांच्या नावावर झाला नाही. बापाकडून मुलाकडे गेलं ते पद आणि हातातलं कसब. म्हणून मला विचारायचंय की लोखंडाची, वाफेची जहाजं आली तेव्हा हे घराणं गोदीतून बाहेर कसं पडलं? कसब कमी पडलं, की मालकी नसल्याने पाय रोवायला जागाच नव्हती? जाणकारांनी लिहावं.

उधाणभरती

धागा मनापासून आवडला. गोदीबद्दल थोडी भर घालते, कारण तिच्याशिवाय हे घराणं कळत नाही.

लवजींच्या देखरेखीखाली १७५० मध्ये मुंबईत पहिली सुकी गोदी झाली, आशियातली अशी पहिली. मग १७६२ आणि १७६५ मध्ये तिला जोडून आणखी दोन. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या नावाची डंकन गोदी १८१० च्या सुमारास पुरी झाली. मुंबईत हे जमलं ते आपल्या भरती-ओहोटीमुळे. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी पुरुष-दोन पुरुष चढतं-उतरतं. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी आपोआप जातं, दारं बंद केली की जहाज कोरडं. पंपाचं काम फार थोडं. कोळीवाड्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, अमावास्या-पुनवेचं उधाण आणि अष्टमीचा भांग (पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस) तिला पाठ असतो. मोठ्या जहाजांचा मुहूर्त याच हिशेबाने ठरे.

एक ताळा करून पाहिला. ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ ला. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, अश्विन वद्य एकादशीची. तिथून मागे मोजत गेलं तर १२ ऑक्टोबर येतो अश्विनाच्या अगदी आरंभी, सर्वपित्री अमावास्येच्या पाठोपाठच्या उधाणात. तिकडे पुण्यात पेशवाईचे शेवटचे दिवस चालले होते आणि इकडे मुंबईत हे जहाज पाण्यावर तरंगत होतं. मध्ये चोवीस दिवसांचं अंतर.

गलबतवाला

उधाणभरतीताई, हे तिथीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वहीत लिहून ठेवलं.

त्याला जोडून आणखी एक धागा. ‘त्रिंकोमाली’चे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी ‘जावा’ नमवली आणि आराखडे गेले. नवे आराखडे पाठवावे लागले, म्हणून कामाला उशीर. त्याच ‘जावा’वर सर थॉमस हिस्लॉप होता. हाच हिस्लॉप १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांविरुद्ध इंग्रजी फौजेचा सेनापती होता.

उत्तरसमुद्र

मी हार्टलपूलपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. इथेच ‘त्रिंकोमाली’ आहे, पाण्यावर तरंगती. तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनी. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी, पण ती गोदीत कोरड्यावर उभी असते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हिवाळा होता, बोचरा वारा. खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं. बाजूच्या एका वाकाला (जहाजाच्या बरगडीला) हात लावला. आमच्या गावच्या घराच्या तुळईला लावल्यासारखाच स्पर्श. साग दोनशे वर्षांनीही साग असतो. माझ्या मुलीला म्हटलं, हे लाकूड आपल्या बाजूचं आहे. ती म्हणाली, “मग आपण तिकीट का काढलं?” तिला काय सांगावं मला सुचलं नाही, पण तिचा प्रश्न मला आवडला.

तिच्या पठाणात (तळाच्या मुख्य तुळईत) जमशेटजींनी चांदीचा खिळा ठोकला होता. पारशी रीतीप्रमाणे तो जहाजाच्या कल्याणासाठी. हे इथल्या माहितीत मोकळेपणाने सांगतात. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोचली तोवर युद्धं संपली होती, त्यामुळे पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली. पुढे कितीतरी वर्षं ‘फुड्रॉयंट’ या नावाने मुलांना शिकवणारं जहाज होती, १९८६ पर्यंत. मग हार्टलपूलला आणून दहाएक वर्षं डागडुजी केली. सांगाड्याचं बरंचसं लाकूड मूळचंच आहे.

चौपाटीवरचा

छान माहिती. अमेरिकेचं राष्ट्रगीत याच वाडियांनी बांधलेल्या ‘मिंडेन’वर बसून लिहिलं गेलं, हे कसं कुणी लिहिलं नाही अजून?

शंकानिरसन

@चौपाटीवरचा, हे बऱ्याच ठिकाणी छापलेलं आहे, पण ते खरं धरू नये. ते गीत लिहिणारा वकील सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरसमोर होता तो तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर. कैद्याच्या सुटकेची बोलणी करायला तो गेला होता. वाडियांची कीर्ती उसन्या गोष्टीवर उभी करायची गरज नाही, खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.

उदाहरणार्थ ‘वेलस्ली’. १८१५ मध्ये मुंबईत बांधलेली ही नौका सप्टेंबर १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडाली. शिडांच्या जमान्यातलं रांगेतलं जहाज हवाई हल्ल्यात बुडाल्याचं हे एकमेव उदाहरण. सव्वाशे वर्षांचं सागवान बुडवायला विमान यावं लागलं! आणि १८२४ ची ‘एशिया’, नवरोजींच्या काळातली. ती १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं मुख्य जहाज होती. ग्रीसच्या स्वातंत्र्यात त्या लढाईचा मोठा वाटा.

परळकरीण

माझं माहेर परळचं. लहानपणी वाडिया म्हणजे हॉस्पिटल, एवढंच ठाऊक. माझा आणि माझ्या दोन्ही भावांचा जन्म तिथला. पुढे शिकायला पुण्याला गेले तर तिथे वाडिया कॉलेज. बॉम्बे डाइंगच्या चादरी घरात होत्याच. ही सगळी मंडळी गोदीतल्या लवजींच्या वंशातली हे आज या धाग्यामुळे नीट जुळलं. १८७९ मध्ये बॉम्बे डाइंग काढणारे नवरोजी नसरवानजी त्याच घराण्याचे ना?

गलबतवाला

हो परळकरीणताई, त्याच घराण्याचे. गंमत पाहा, ज्या सुमारास गोदीतलं वंशपरंपरेचं पद संपत आलं, त्याच सुमारास घराण्यातल्या एकाने कापडाचा धंदा उभा केला, आणि तो स्वतःच्या मालकीचा. व्यापारातली शाखा खरं तर आधीपासून होती. नसरवानजी माणेकजी वाडिया हे अमेरिकन व्यापाऱ्यांचे मुंबईतले मोठे दलाल. त्यांचं चित्र आजही अमेरिकेत सेलमच्या संग्रहालयात आहे. म्हणजे जे स्वतःच्या नावावर व्यापार करत होते त्यांचं टिकलं. माझ्या मूळ प्रश्नाला यातून थोडं उत्तर मिळतंय असं वाटतं.

निवृत्त फिटर

मी गोदी कामगार होतो, जहाजदुरुस्तीत बत्तीस वर्षं. कोणत्या गोदीत ते लिहीत नाही. वाफेचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण या घराण्यातलं माझं दैवत म्हणजे अर्देशीर करसेटजी.

आधी नवरोजी जमशेटजींच्या काळात ‘ह्यू लिंडसे’ बांधली, १८२९ मध्ये, ४११ टनांची आगबोट. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझला निघाली. मुंबईहून सुएझला वाफेवर गेलेली पहिली. एडनपर्यंतच अकरा दिवसांचा कोळसा लागणार आणि बोटीत जागा त्याच्या निम्म्याची. म्हणून केबिनी, बैठकीची खोली, सगळीकडे कोळसा भरला. बोट इतकी खाली बसली की पाणी काठाला लागायचं राहिलं होतं. महिन्याभरात पोचली. इंजिनवाल्याला या गोष्टीत काय दिसतं सांगू? हिशेब. किती कोळसा, किती वजन, किती मैल. कोळसा जळत जातो तशी बोट वर येते, म्हणजे चाकाची पाती पाण्यात किती बुडतात तेही रोज बदलतं. तो हिशेब चुकला तर भर अरबी समुद्रात बसायचं.

अर्देशीर १८०८ चे. लाकडापेक्षा इंजिनाचं वेड जास्त. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाची छोटी बोट केली आणि इंग्लंडहून स्वतःच्या पैशाने इंजिन मागवून तिच्यात बसवलं. माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले, १८३४ मध्ये खुद्द गव्हर्नर ते बघायला आला. १८३९ मध्ये इंग्लंडला गेले. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही १९१८ मध्ये. मधली सत्त्याहत्तर वर्षं कुणीच नाही.

त्याच १८४१ मध्ये ते मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य अभियंता झाले. हाताखाली गोरे फोरमन आणि कारागीर. त्यावर मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात ओरड झाली की नेटिव माणसाच्या हाताखाली युरोपियनांनी काम कसं करायचं. त्यांनी १८५७ पर्यंत ते पद सांभाळलं. कारखान्यात हुकूम चालतो तो इंजिन चालू करून दाखवणाऱ्याचाच, हे मी बत्तीस वर्षं पाहिलंय. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं. माझ्याकडे आहे.

तेव्हा गलबतवाला, कसब कमी पडलं असं कृपा करून म्हणू नका.

गलबतवाला

काका, मान्य. तुमच्या प्रतिसादाने तो पर्याय मी खोडून टाकला.

अर्देशीरांच्याच आगेमागे घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, १८३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या सरकारी गोदीत नौकाबांधणी शिकले. म्हणजे वारं बदलतंय हे घराण्याने वेळेवर ओळखलं होतं. माणसं शिकवून तयार ठेवली होती.

देवगडी

आमच्याकडे विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, धुळपांच्या काळातली. खडकात कोरलेली. आजोबा तिथे घेऊन जायचे आणि म्हणायचे, इथे गुराबा (शिडांची लढाऊ जहाजं) बांधायचे. आज तिथे झाडोरा आहे.

या धाग्यामुळे मनात आलं ते लिहितो. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. जाळलं इंग्रजांनी, पण पेशव्यांच्या संगनमताने. त्या मोहिमेआधी इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजं मुंबईतच होती, जिथे तेव्हा लवजींची नवी सुकी गोदी होती. आंग्र्यांकडेही सुतार होते, तेही पिढीजात. त्यांची नावं आपल्याकडे उरली नाहीत. वाडियांची उरली, कारण कंपनी प्रत्येक खिळ्याची नोंद ठेवायची. हे वाडियांना कमी लेखायला लिहीत नाही. पण सुरतेच्या सुतारांचं चित्र ग्रीनिचला लागलं आणि गिर्येच्या सुताराचं नावही गेलं, याची हळहळ वाटते.

शंकानिरसन

देवगडीदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

कडू बाजू निघालीच आहे तर आणखी एक. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनने नानकिंगचा तह ज्या जहाजावर सही केला ते ‘कॉर्नवॉलिस’. मुंबईच्या सागाचं, जमशेटजींनी बांधलेलं. अफूच्या युद्धाचा तो शेवट आणि हाँगकाँग गेलं ते त्याच तहात. मलबारचं लाकूड, मुंबईच्या सुतारांची मेहनत आणि चीनच्या माथी अफू, हे तिन्ही एकाच जहाजावर. बांधणाऱ्याच्या कौशल्याचा मला आदर आहे, पण जहाज कुणाच्या कामी आलं हेही लिहायला हवं.

उत्तरसमुद्र

सहमत. इथे इंग्लंडमध्ये हा भाग फार हळू आवाजात सांगतात.

आणि पहिली, १८०० ची ‘कॉर्नवॉलिस’ वेगळी, कंपनीसाठी बांधलेली फ्रिगेट (रांगेतल्या जहाजाहून लहान युद्धनौका). तिच्याबद्दलची गोष्ट अशी सांगतात की जमशेटजींनी तिच्या आतल्या तुळईवर, सहज कुणाला दिसणार नाही अशा जागी, इंग्रजीत कोरून ठेवलं होतं, ‘हे जहाज एका हलकट काळ्या माणसाने बांधलं, सन १८००’. पुढे कितीतरी वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी ते सापडलं. जो शब्द त्यांच्या कानावर येत असणार, तोच त्यांनी सागात कोरला. चांदीच्या पट्टीइतकीच मला ही ओळ महत्त्वाची वाटते.

उधाणभरती

मूळ प्रश्नाकडे वळते. घराणं बाहेर का पडलं, याची मला दिसणारी कारणं अशी. नौदलासाठी मुंबईत बांधलेलं रांगेतलं शेवटचं मोठं जहाज ‘मियानी’, १८४८ चं. त्यानंतर तशा लाकडी जहाजांची गरजच संपत गेली. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीकडे गेला. १८६३ मध्ये इंडियन नेव्ही, म्हणजे जुनं मुंबई आरमार, मोडीत काढलं. म्हणजे गिऱ्हाईकच गेलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि इंग्लंडच्या कारखान्यांतल्या लोखंडी आगबोटी थेट मुंबईत येऊ लागल्या. लोखंडी जहाज बांधायला पोलाद, कोळसा, पत्रे हवेत. ते सगळं तिकडे, आणि त्यासाठी भांडवल कुणी घालायचं हे ठरवणारेही तिकडेच.

पगारी माणूस कितीही हुशार असला तरी गोदीत पत्र्याची भट्टी घालायची की नाही हे तो ठरवू शकत नाही. अर्देशीर स्वतःच्या बंगल्यात गॅसचा दिवा लावू शकले, कारण बंगला त्यांचा होता. माझ्या दृष्टीने गलबतवाला यांच्या प्रश्नाचं उत्तर या दिव्यात आहे.

निवृत्त फिटर

ताई, बरोबर बोललात. एक दुरुस्ती मात्र करतो. भट्टी आणि ओतशाळा मुंबईत होती, अर्देशीरच तिचे मुख्य होते. पण ती दुरुस्तीपुरती. नवं इंजिन विलायतेहून यायचं आणि इथे बसायचं. आमच्या वेळेपर्यंत बऱ्याच बाबतीत तसंच होतं. पुढे माझगाव डॉकमध्ये ‘निलगिरी’ फ्रिगेट बांधली आणि १९७२ मध्ये ती नौदलात आली, तेव्हा आमच्या खात्यात पेढे वाटले होते. आमचा कारखाना वेगळा, तरी वाटले.

परळकरीण

लायन गेटच्या आतल्या त्या जुन्या गोद्या बघता येतात का हो? मुलांना दाखवायच्या होत्या.

गलबतवाला

परळकरीणताई, तो नौदलाचा तळ आहे, त्यामुळे सहज आत जाता येत नाही. लवजींच्या गोद्या अजून वापरात आहेत. बाहेरून शहीद भगतसिंग रस्त्याने चालत गेलात तर उंच दगडी भिंत दिसते, तिच्या पलीकडे. अमावास्येच्या आसपास जा आणि आधी गेटवेच्या पायऱ्यांशी थांबून किती पायऱ्या पाण्याखाली आहेत ते मुलांना मोजायला सांगा. मग सहा तासांनी पुन्हा मोजायला सांगा.